आयरिश लष्करी पोशाख व पाइपवादन

आयर्लंडमधील सैनिकांचा पारंपरिक पोशाख आणि रणक्षेत्रावर व संचलनात बॅगपाइप हे सुषिर वाद्य वाजविण्याची त्याच्याशी निगडित असलेली प्रथा. केशरी रंगाचा किल्ट (कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारे चुणीदार वस्त्र), खांद्यांवरून मागे सोडलेला हिरवा झगा, पिसांचा तुरा लावलेली सैलसर टोपी आणि काखेत बॅगपाइप असा आयरिश लष्करी पाइपवादकाचा वेश आज सुपरिचित आहे. हा वेश प्राचीन काळापासून अखंड चालत आला आहे, असा समज आयर्लंडमध्ये व बाहेरही रूढ आहे. परंतु तो अंशतःच खरा आहे. केशरी रंग, लोकरी झगा आणि रणवाद्य म्हणून पाइपचा वापर या गोष्टी सोळाव्या शतकात व त्यापूर्वीही आयर्लंडमध्ये होत्या. किल्ट मात्र स्कॉटलंडकडून घेतलेला आहे व या सर्व घटकांची आजची जुळणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत झाली. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटना आणि ब्रिटिश सैन्यातील आयरिश पलटणी या परस्परविरोधी पक्षांनी जवळजवळ एकाच वेळी या वेशाचा स्वीकार केला, हे या परंपरेचे महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

गेलिक काळातील पोशाख : इंग्रजांची सत्ता संपूर्ण देशावर प्रस्थापित होण्यापूर्वी आयर्लंडमध्ये गेलिक सरदारांची राज्ये होती. त्यांच्या पदरी मुख्यत्वे दोन प्रकारचे पायदळ असे. ‘केर्न’ हे हलक्या शस्त्रांनिशी लढणारे व चपळ हालचाली करणारे सैनिक, तर ‘गॅलोग्लास’ हे चिलखत घालून मोठी परशू वापरणारे, मूळचे स्कॉटलंडच्या पश्चिम भागातून आलेले भाडोत्री योद्धे होत. त्या काळी आजच्या अर्थाने गणवेश नव्हता. सैनिक नित्याच्या पोशाखातच लढत. ‘लेन्ये’ हा तागाच्या कापडाचा, रुंद बाह्यांचा लांब अंगरखा हे त्या पोशाखातील प्रमुख वस्त्र. तो बहुधा केशरी रंगात रंगविलेला असे. त्यावर ‘इनर’ नावाची आखूड बंडी आणि सर्वांत वर ‘ब्रॅट’ हा जाड लोकरीचा झगा घेत. थंडीपावसात पांघरूण, रात्री अंथरूण आणि प्रसंगी हातावर गुंडाळून ढाल असे ब्रॅटचे अनेक उपयोग होते. काही लोक पायांना घट्ट बसणारी लोकरी विजारही वापरीत.

या पोशाखाची समकालीन चित्रे थोडीच आहेत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२१ मध्ये आयरिश योद्धे व शेतकरी यांचे एक रंगीत रेखाटन केले. जॉन डेरिक याच्या १५८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयर्लंडविषयक ग्रंथातील काष्ठमुद्राचित्रे अधिक तपशीलवार आहेत; पण डेरिक इंग्रजांचा पक्षपाती असल्याने ती सावधपणे पाहावी लागतात. प्रत्यक्ष वस्त्रांचा पुरावाही उपलब्ध आहे. लंडनडेरी परगण्यातील डन्गिव्हन येथे १९५६ मध्ये जमिनीखाली लोकरी बंडी, चौकटीच्या कापडाची विजार व झगा यांचे अवशेष सापडले. ते सोळाव्या शतकाच्या अखेरीचे किंवा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असावेत, असे मानले जाते. यांपैकी कोणत्याही पुराव्यात किल्ट आढळत नाही. मात्र लांब लेन्ये कमरपट्ट्यातून वर ओढून गुडघ्यापर्यंत घेतला, की त्याचा खालचा भाग चुण्यांच्या घेरासारखा दिसे. पुढे त्यालाच किल्ट समजण्याची चूक झाली.

हा पोशाख राजकीय निष्ठेचे चिन्ह मानला जाई, हे त्यावरील निर्बंधांवरून दिसून येते. किलकेनी येथे १३६६ मध्ये संमत झालेल्या कायद्यांनी आयर्लंडमधील इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश चालीरीती स्वीकारण्यास मनाई केली आणि आयरिश वादक, कवी व कथेकरी यांना त्यांच्या वस्तीत थारा देण्यावर बंदी घातली. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १५३७ च्या कायद्याने केशरी रंगाचे अंगरखे वापरण्यास प्रतिबंध केला. एका अंगरख्यास सात यार्डांहून अधिक कापड लावू नये, असेही ठरविले. अंगरख्यांचा हा केशरी रंग खऱ्या केशराचा होता की स्थानिक वनस्पतींपासून काढलेला होता, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. केशर आयात करावे लागत असल्याने ते श्रीमंतांपुरतेच मर्यादित असावे आणि इतरांनी स्वस्त रंगद्रव्ये वापरली असावीत, हे मत अधिक संभवनीय वाटते.

रणवाद्य म्हणून पाइप : आयर्लंडमध्ये तोंडाने हवा भरून वाजवावयाच्या मोठ्या पाइपला ‘पीब वोर’ (मोठा पाइप) म्हणतात. सोळाव्या शतकात तो युद्धात वाजविला जात असे, याविषयी शंका नाही. डेरिकच्या एका चित्रात आयरिश तुकडीच्या अग्रभागी चालणारा पाइपवादक दाखविला आहे. त्याच वर्षी फ्लॉरेन्समधील संगीतज्ञ व्हिन्चेन्झो गॅलिलेई (खगोलशास्त्रज्ञ गॅलिलीओचे वडील) यांनी आपल्या संगीतविषयक संवादग्रंथात आयरिश लोक या वाद्याच्या सुरांवर युद्धास निघतात, असे नमूद केले आहे. डेरिकने आयरिश लोकांचे चित्र वैरभावाने रंगविले, तर गॅलिलेई यांना त्यांच्याबद्दल आदर होता. अशा भिन्न दृष्टींच्या दोन लेखकांचा पुरावा जुळत असल्याने तो विश्वसनीय ठरतो. हेन्रीने १५४४ मध्ये फ्रान्समधील बूलॉन्य या शहरास वेढा घातला, तेव्हा त्याच्या सैन्यात आयरिश केर्नही होते. म्हणजे ज्या राजाने आयरिश पोशाखावर बंदी घातली, त्याच्याच बाजूने आयरिश सैनिक सात वर्षांनी लढत होते. आयर्लंडच्या लष्करी इतिहासात ही विसंगती पुढेही वारंवार आढळते.

ऱ्हास व परदेशातील सेवा : किन्सेलच्या लढाईतील (१६०१) पराभव, अल्स्टरमधील गेलिक सरदारांचे १६०७ मधील देशांतर आणि विल्यम ऑफ ऑरेंजच्या विजयानंतर झालेला लिमरिकचा तह (१६९१) या घटनांनी गेलिक राज्यव्यवस्था संपुष्टात आली. पाइपवादकांना आश्रय देणारी सरदार घराणीच न उरल्याने पीब वोरचे वादन क्षीण होत गेले व गेलिक पोशाखही मागे पडला. लिमरिकच्या तहानंतर पॅट्रिक सार्सफील्ड याच्या नेतृत्वाखाली हजारो आयरिश सैनिक फ्रान्सला गेले. त्यांना व त्यांच्यामागून गेलेल्यांना ‘रानहंस’ म्हणून ओळखले जाते. फ्रेंच राजाच्या सेवेतील या आयरिश पलटणींचा कोट लाल होता. पदच्युत राजा दुसरा जेम्स याच्यावरील निष्ठेची ती खूण होती. फाँतेन्वा येथे ११ मे १७४५ रोजी फ्रान्सच्या बाजूचे लाल कोटातील आयरिश सैनिक इंग्रजांच्या लाल कोटातील सैनिकांवर तुटून पडले. आयरिश सैनिकाचा रंग म्हणजे हिरवा, ही कल्पना त्या काळी रूढ झालेली नव्हती, हे यावरून ध्यानात येते.

ब्रिटिश सैन्यातील आयरिश पलटणी : अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटिश सैन्यात कॅथलिक आयरिश तरुणांची भरती मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. दारिद्र्य हे तिचे प्रमुख कारण होते. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातील सु. ४० टक्के सैनिक आयरिश होते. त्यांच्या पलटणींचा गणवेश सर्वसाधारण ब्रिटिश पद्धतीचाच असे; वेगळेपण वीणा (हार्प), शॅमरॉक हे त्रिदल पान, बिल्ले, तुरे आणि कूचगीते यांपुरते मर्यादित होते. १८८१ च्या पुनर्रचनेत पायदळाच्या कोटाच्या गळपट्टी व बाहीपट्टीचे रंग देशवार ठरविण्यात आले : इंग्लंडसाठी पांढरा, स्कॉटलंडसाठी पिवळा व आयर्लंडसाठी हिरवा, तथापि ‘रॉयल’ उपाधी असलेल्या पलटणींना निळा रंग असे. बहुतेक आयरिश पलटणी ‘रॉयल’ असल्याने लाल कोटावर हिरवी पट्टी प्रत्यक्षात ‘कॉनॉट रेंजर्स’ या पलटणीलाच मिळाली. बंदुकधारी ‘फ्यूझिलियर’ पलटणींच्या टोप्यांवरील पिसांचे तुरेही ठरलेले होते : रॉयल आयरिश फ्यूझिलियर्सचा हिरवा, रॉयल डब्लिन फ्यूझिलियर्सचा निळा व हिरवा, तर रॉयल मन्स्टर फ्यूझिलियर्सचा पांढरा व हिरवा.

यांपैकी काही पलटणींचा उगम महाराष्ट्राच्या इतिहासाशी निगडित आहे. रॉयल डब्लिन फ्यूझिलियर्सची दुसरी बटालियन म्हणजे मूळची ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईतील युरोपियन पलटण होय. मुंबई बेट इंग्रजांकडे आल्यावर त्याच्या संरक्षणासाठी सतराव्या शतकात पाठविलेल्या शिबंदीपासून ती निर्माण झाली. पेशव्यांच्या सैन्याशी ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेल्या खडकीच्या लढाईत ती होती व ‘किर्की’ हा रणसन्मान पुढे डब्लिनच्या या पलटणीच्या नावावर राहिला. लिन्स्टर रेजिमेंटची दुसरी बटालियनही १८५३ मध्ये उभारलेल्या मुंबईच्या तिसऱ्या युरोपियन पलटणीतून आली. कंपनीच्या युरोपियन पलटणींत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने असले, तरी या पलटणींना आयरिश नाव मिळाले ते १८८१ मध्ये.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात आयरिश सैनिकांनी दाखविलेल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया राणीने १९०० मध्ये दोन निर्णय घेतले. १७ मार्च या संत पॅट्रिकच्या सणादिवशी आयरिश सैनिकांनी टोपीत शॅमरॉक खोवावा, असा आदेश निघाला आणि १ एप्रिल १९०० रोजी ‘आयरिश गार्ड्‌स’ ही राजरक्षक पलटण स्थापन झाली. या पलटणीच्या अस्वली केसांच्या उंच टोपीवर उजव्या बाजूस निळा तुरा असतो. हा निळा रंग १७८३ मध्ये स्थापन झालेल्या संत पॅट्रिकच्या सरदारमंडळाचा होय. कोटाची बटणे चार-चारच्या गटांत लावलेली असतात; राजरक्षक पलटणींतील चौथी, असा त्याचा अर्थ आहे.

पुनरुज्जीवन व किल्टचा स्वीकार : आयरिश भाषेच्या जतनासाठी १८९३ मध्ये ‘गेलिक लीग’ ही संस्था स्थापन झाली. भाषेबरोबरच खेळ, नृत्य, संगीत व पोशाख या क्षेत्रांतही इंग्रजी वळण टाकून देशी रूप शोधण्याची चळवळ सुरू झाली. राष्ट्रीय पोशाख कोणता, हा प्रश्न त्यातून उपस्थित झाला. यूजीन ओकरी या विद्वानाची जुन्या आयरिश समाजजीवनावरील व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यांत ‘लेन्ये’ या शब्दाचे भाषांतर काही ठिकाणी ‘किल्ट’ असे केलेले होते. त्यावरून प्राचीन आयरिश लोक किल्ट नेसत, अशी समजूत पसरली. वस्तुतः कमरेखालचा आखूड किल्ट स्कॉटलंडमध्येही अठराव्या शतकातच प्रचारात आला. एच. एफ्. मॅक्लिंटॉक यांनी जुन्या आयरिश व स्कॉटिश पोशाखांवरील १९४३ च्या ग्रंथात चित्रे, लेख व वस्त्रावशेष तपासून आयर्लंडमध्ये किल्ट नव्हता, हे दाखवून दिले.

तथापि पुनरुज्जीवनवाद्यांची केवळ फसगत झाली, असे म्हणता येत नाही. चळवळीतील एक अग्रणी व पुढे १९१६ च्या उठावाचा नेता झालेला पॅट्रिक पिअर्स याने १९०० मध्ये एका पत्रात या विषयाचा विचार केला आहे. संग्रहालयातील जुनी विजार ही अधिक अस्सल असली, तरी ती घालून लोकांत जाणारा मनुष्य आतल्या वस्त्रांवरच बाहेर पडल्यासारखा दिसेल. त्यापेक्षा कमी अस्सल असलेला किल्ट बरा, असे त्याचे मत होते. म्हणजे निवड करताना इतिहासाइतकाच दिसण्याचा व प्रभावाचा विचार झाला होता. स्कॉटिश किल्ट घराण्यागणिक बदलणाऱ्या चौकटींच्या कापडाचा असतो. त्याहून वेगळेपणा दाखविण्यासाठी आयरिश किल्टला एकच रंग देण्यात आला व तो जुन्या लेन्येचा म्हणजे केशरी ठरला. अशा रीतीने वस्त्र स्कॉटिश, पण रंग आयरिश, असा हा मिलाफ झाला.

पाइपवादनाचे पुनरुज्जीवनही याच काळात झाले. कॉर्क येथे १८९८ मध्ये व डब्लिन येथे १९०० मध्ये पाइपवादकांची मंडळे निघाली. डब्लिनच्या मंडळाचा एक संस्थापक एमन केंट याने १९०८ मध्ये रोम येथे आयरिश वेशात पोप दहावे पायस यांच्यासमोर पाइपवादन केले. डब्लिनमधील ‘सेंट लॉरेन्स ओटूल’ पथक १९१० मध्ये स्थापन झाले. नाटककार शॉन ओकेसी हा त्याचा पहिला चिटणीस व क्रांतिकारक टॉमस क्लार्क हा अध्यक्ष होता. त्याच वर्षी शाळाशिक्षक टॉमस अ‍ॅश याने लस्क या गावी ‘ब्लॅक रेव्हन’ पथक काढले. क्लार्क व केंट यांना १९१६ च्या उठावाबद्दल देहान्त शासन झाले; अ‍ॅश याला तुरुंगात अन्नत्याग केला असता बळजबरीने अन्न भरविण्यात आले व त्यातून तो सप्टेंबर १९१७ मध्ये मरण पावला. पाइपपथक हे मनोरंजनाचे साधन न राहता शिस्तबद्ध संचलनाचे शिक्षण देणारी एक राष्ट्रीय संस्था बनले होते, हे यावरून स्पष्ट होते.

याच सुमारास ब्रिटिश सैन्यातील आयरिश पलटणींतही पाइपवादक दिसू लागले. पहिल्या महायुद्धात सु. दोन लक्ष आयरिश लोक ब्रिटिश सैन्यातून लढले. त्या काळात आयरिश गार्ड्‌सच्या पाइपवादकांना केशरी किल्ट मिळाला. स्कॉटिश पलटणींप्रमाणे आपलेही स्वतंत्र अस्तित्व दिसावे, ही भावना त्यामागे होती. एकाच देशातील लोक एकाच वेशाने दोन निष्ठा व्यक्त करीत होते. एकाच कुटुंबातही ही विभागणी झालेली दिसते. एप्रिल १९१६ मध्ये एमन केंट डब्लिनमधील साउथ डब्लिन युनियन या ठाण्याचा बचाव करीत होता, तेव्हा त्याच्यावर चालून आलेल्या सैन्यात रॉयल आयरिश रेजिमेंटचे सैनिक होते. ८ मे रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचा भाऊ विल्यम रॉयल डब्लिन फ्यूझिलियर्समध्ये होता. तो एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समधील आरासच्या लढाईत कामी आला.

वाद्यांची रचना : पीब वोरमध्ये चामड्याची पिशवी, हवा भरण्याची नळी, बोटांनी वाजवावयाची स्वरनळी (चँटर) आणि अखंड आधारस्वर देणाऱ्या नळ्या (ड्रोन) असे चार भाग असतात. वादक पिशवी काखेत दाबून हवेचा दाब कायम राखतो. त्यामुळे श्वास घेतानाही नाद खंडित होत नाही. आपल्याकडील सनईवादनात जोडीदार ‘सूर’ धरून षड्जाची साथ करतो, तेच कार्य येथे ड्रोन करतात. फरक इतकाच, की येथे मुख्य स्वर व सूर ही दोन्ही एकाच वादकाच्या पिशवीतील हवेवर चालतात. स्वरनळीत दुहेरी पत्ती व ड्रोनमध्ये प्रायः एकेरी पत्ती असते. स्वरनळीवर नऊ स्वर निघतात. नाद मध्येच थांबविता येत नाही आणि लहानमोठाही करता येत नाही. म्हणून एकाच स्वराची दोनदा योजना करावयाची असल्यास मध्ये अत्यंत द्रुत असा कणस्वर घ्यावा लागतो. पाइपसंगीताचे सारे अलंकरण या यांत्रिक मर्यादेतून उत्पन्न झाले आहे. दूरवर ऐकू जाणारा तीव्र नाद व चालण्याच्या लयीशी जुळणारे ठेके यांमुळे हे वाद्य मोकळ्या मैदानास व संचलनास अनुकूल ठरले.

स्कॉटिश बॅगपाइपला दोन मध्यम व एक मंद्र असे तीन ड्रोन असतात. पुनरुज्जीवनाच्या काळात आयरिश वाद्य वेगळे ओळखू यावे म्हणून त्यांपैकी एक मध्यम ड्रोन गाळून दोन ड्रोनचे पाइप प्रचारात आणले गेले. अन्य बाबतींत ते स्कॉटिश पाइपसारखेच होते. लंडनमधील वाद्यकार हेन्री स्टार्क याने १९०८ मध्ये ‘ब्रायन बोरू’ या अकराव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या आयरिश राजाचे नाव असलेल्या पाइपचे एकस्व (पेटंट) घेतले. त्याच्या स्वरनळीला चाव्या बसवून नवाहून अधिक स्वरांची सोय केलेली होती. रॉयल इनिस्किलिंग फ्यूझिलियर्स या पलटणीने तो दीर्घकाळ वापरला. मात्र इतर पथकांबरोबर एकत्र वादन करणे व स्पर्धांत भाग घेणे यांसाठी समान वाद्य आवश्यक असल्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन ड्रोनचा स्कॉटिश पद्धतीचा पाइपच सर्वत्र रूढ झाला.

‘इलिन’ पाइप हे याहून सर्वस्वी निराळे वाद्य होय. आयरिश भाषेत ‘इलिन’ म्हणजे कोपर. कोपराने भाता दाबून यात हवा भरतात. अठराव्या शतकाच्या आरंभी ते विकसित झाले. त्याचा नाद मृदू असून स्वरक्षेत्र दोन सप्तकांचे आहे आणि मनगटाने दाबावयाच्या चाव्यांच्या नळ्यांवर स्वरसंघातही वाजविता येतात. ते बसून व घरात वाजवितात. म्हणून लष्करी संचलनात त्यास स्थान नाही. इंग्रज शासनाने रणपाइपवर बंदी घातल्यामुळे हे गुपचूप वाजविण्याचे वाद्य निघाले, अशी आख्यायिका आहे. तिला विश्वसनीय पुरावा नाही. इलिन पाइपवादनाचा यूनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला.

गणवेशाचे घटक : आयरिश गार्ड्‌सच्या पाइपवादकाचा वेश नमुन्यादाखल घेता येईल. त्यात केशरी किल्ट, गर्द हिरवा कोट, हिरवे पायमोजे व त्यांवर केशरी फिती, जाड काळे बूट आणि खांद्यांवरून मागे सोडलेला हिरवा झगा असतो. झग्याचे दोन हिरवे पट्टे छातीवर एकमेकांना छेदून बांधलेले असतात. हा झगा म्हणजे जुन्या ब्रॅटचे अलंकारिक रूप होय. अनेक नागरी पथकांत तो ‘तारा ब्रोच’च्या प्रतिकृतीने खांद्यावर अडकवितात. मूळ ब्रोच आठव्या शतकाच्या सुमाराचा असून तो १८५० मध्ये मीथ परगण्यात समुद्रकिनाऱ्याजवळ सापडला. स्कॉटिश वेशात किल्टपुढे लोंबणारी केसाळ पिशवी आयरिश लष्करी वेशात सहसा नसते.

केशरी या शब्दाने येथे भगवा किंवा नारिंगी रंग अभिप्रेत नाही. आयरिश किल्टचा रंग मोहरीच्या वाटणासारखा पिवळसर तपकिरी असतो. आयर्लंडच्या ध्वजातील नारिंगी पट्टा विल्यम ऑफ ऑरेंजच्या प्रॉटेस्टंट अनुयायांची परंपरा सूचित करतो. त्याचा व किल्टच्या रंगाचा काही संबंध नाही.

‘कॉबीन’ ही सैल, एका बाजूस कललेली गोल टोपी आहे. तिच्या आयरिश नावाचा अर्थ जुनीपुराणी टोपी असा होतो. प्रथम ती पाइपवादकांपुरती होती. लंडन आयरिश रायफल्स या पलटणीने १९३७ मध्ये ती सर्व दर्जांच्या सैनिकांना दिली. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील ३८ व्या आयरिश ब्रिगेडमध्ये तिचा प्रसार झाला. टोपी एकच, पण तुऱ्याच्या रंगावरून पलटण ओळखू येई : इनिस्किलिंगचा करडा, आयरिश फ्यूझिलियर्सचा हिरवा, लंडन आयरिशचा निळा. रोम मुक्त झाल्यावर जून १९४४ मध्ये या ब्रिगेडच्या सैनिकांना पोप बारावे पायस यांनी भेट दिली, तेव्हा तिच्या पाइपवादकांनी तेथे वादन केले.

१९२२ नंतरची स्थिती : आयरिश स्वतंत्र राज्याच्या स्थापनेबरोबर दक्षिण आयर्लंडमधून भरती होणाऱ्या पाच पायदळ पलटणी (रॉयल आयरिश, कॉनॉट रेंजर्स, लिन्स्टर, मन्स्टर व डब्लिन) विसर्जित झाल्या. त्यांचे ध्वज १२ जून १९२२ रोजी विंझर राजवाड्यात पंचम जॉर्ज राजाच्या स्वाधीन करण्यात आले. या पलटणींतील निवृत्त सैनिकांना नव्या राज्यात फारसा मान मिळाला नाही. त्यांच्या वेशातील बिल्ले व तुरे सार्वजनिक जीवनातून नाहीसे झाले. केशरी किल्ट व पाइप मात्र नव्या राज्याच्या सैन्याने स्वीकारले. ब्रिटिश छाप टाळण्याची दक्षता या सैन्याच्या इतर गणवेशात प्रकर्षाने दिसते. टोपीवरील बिल्ल्यावर १९१३ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश स्वयंसेवक दलाचे चिन्ह घेण्यात आले. १९२० नंतरच्या दशकात जर्मन घाटाची पोलादी शिरस्त्राणे घेण्यात आली. ती बनविली मात्र लंडनच्या व्हिकर्स कंपनीने. लष्करी संगीतशाळेच्या उभारणीसाठी १९२३ मध्ये फ्रिट्‌स ब्राझ या जर्मन वाद्यवृंदसंचालकास पाचारण करण्यात आले. १९३२ च्या डब्लिन येथील धर्मपरिषदेसाठी निळ्या गणवेशातील घोडेस्वारांचे मानवंदना पथकही उभारले गेले. ते १९४८ मध्ये बंद झाले. या साऱ्या बदलांत पाइपवादकाचा वेश टिकून राहिला. डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीसमोर ईस्टरच्या सणात १९१६ च्या उठावाचा स्मृतिसमारंभ होतो, त्या वेळी एकटा लष्करी पाइपवादक शोकगीत वाजवितो.

ब्रिटिश सैन्यात उत्तर आयर्लंडशी संबंधित तीन पलटणी १ जुलै १९६८ रोजी ‘रॉयल आयरिश रेंजर्स’मध्ये विलीन झाल्या व हिरव्या तुऱ्याची कॉबीन सर्वांची टोपी बनली. १९९२ मध्ये अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटच्या विलीनीकरणाने तिचे ‘रॉयल आयरिश रेजिमेंट’मध्ये रूपांतर झाले. आयरिश स्थलांतरितांमुळे ही परंपरा अन्य देशांतही गेली. कॅनडातील ‘आयरिश रेजिमेंट ऑफ कॅनडा’ (स्थापना १९१५) या पलटणीत तर केवळ पाइपवादकच नव्हे, तर सर्व सैनिकांच्या समारंभी वेशात केशरी किल्ट आहे.

नागरी पाइपपथके दोन्ही भागांत व दोन्ही पंथांत आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिकांच्या ‘हायबर्नियन’ मिरवणुकांत आणि प्रॉटेस्टंटांच्या ‘ऑरेंज’ मिरवणुकांतही पाइप वाजतो. स्कॉटलंडमधील जागतिक स्पर्धेत उत्तर आयर्लंडच्या ‘फील्ड मार्शल मंगमरी’ पथकाने १९९२ मध्ये व त्यानंतर अनेकदा, तर डब्लिनच्या ‘सेंट लॉरेन्स ओटूल’ पथकाने २०१० मध्ये विजेतेपद मिळविले. एका पथकाचे नाव ब्रिटिश सेनापतीवरून पडले आहे, तर दुसऱ्याची स्थापना ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांनी केली होती. स्पर्धेच्या मैदानात मात्र दोन्ही एकाच वाद्यावर एकाच नियमांनी परीक्षिली जातात.

महत्त्व : परंपरा म्हणून मिरविल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी अर्वाचीन काळात घडविलेल्या असतात, याचे आयरिश लष्करी वेश हे एक ठळक उदाहरण होय. पण ती घडण निराधार नव्हती. रणपाइप, ब्रॅट व केशरी रंग ही तिची मुळे खरी आहेत. मध्ये दोनशे वर्षांचा खंड पडला होता व तो किल्टच्या उसन्या वस्त्राने भरून काढण्यात आला. या वेशाला आज जो मान आहे, तो त्याच्या वयापेक्षा तो परिधान करणाऱ्यांच्या त्यागामुळे अधिक प्राप्त झाला आहे. दीर्घकाळ या त्यागाची एकच बाजू स्मरली जात असे. डब्लिनमधील आयलंडब्रिज येथे एडविन लट्यन्झ या वास्तुकाराने योजिलेले महायुद्ध-स्मारक कित्येक दशके उपेक्षित राहिले. २००६ मध्ये सॉमच्या लढाईच्या नव्वदाव्या स्मृतिदिनी तेथे आयरिश शासनाने अधिकृत समारंभ केला आणि मे २०११ मध्ये एलिझाबेथ राणीने आयरिश राष्ट्राध्यक्षांसमवेत त्या स्मारकास तसेच स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मृतिउद्यानासही पुष्पचक्र वाहिले. १९१६ मध्ये जी दोन आयरिश सैन्ये एकमेकांसमोर उभी ठाकली होती, त्यांचे स्मरण एकाच राष्ट्राच्या इतिहासाचा भाग म्हणून करण्याची प्रथा त्यामुळे दृढ झाली.